दुकान बंद झाल्यावरचं गिऱ्हाईक

३ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकीट बघून दचकू नका, सगळे जिवंत आहोत. तुम्हाला फोन करण्यात काही अर्थ राहिलेला नाही. मागे मी फोनवर "हे पडले" म्हणाले, तर तुम्ही "वा, अभिनंदन" म्हणालात. तेव्हापासून ठरवलं, तुमच्या कानांच्या नादी लागायचं नाही, कागदावर लिहायचं.

यांचं विसरणं तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही लेकीकडे राहायला गेल्यापासून ते किती वाढलंय हे ठाऊक नाही. सकाळी उठले की दुकानात जायचं म्हणतात. आपल्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानाच्या जागी आता चष्मेवाला बसतो. एकदा तिथे जाऊन सरळ काउंटरच्या आत शिरले आणि त्याला म्हणाले, "हा पसारा कुणी केला?" माणूस भला, हाताला धरून घरी आणून सोडलं. तेव्हापासून मी दाराला आतून कुलूप लावते. मग हे दार हलवत राहतात आणि माझ्यावर ओरडतात. कधी मला ओळखतात. कधी विचारतात, "तुम्ही कोण? मला कशाला कोंडलंय?" या माणसाचा आवाज मी आयुष्यात कधी चढलेला ऐकला नव्हता. आता शेजारी ऐकतात.

आता मुद्द्यावर येते. दुकान विकताना जो एक टीव्ही घरी आणला, तो मोठ्या पोटाचा, तो गेल्या आठवड्यात बिघडला. आवाज येतो, पण चित्र मिटून मधोमध नुसती एक पांढरी रेघ. यांनी तो भिंतीपासून ओढला, फिरवला, मागचं झाकण काढलं आणि समोर स्टूल घेऊन बसले. दिवसभर. दुसऱ्या दिवशी उठले आणि परत तिथेच. दुरुस्त काही होत नाही. एका भागाला हात लावतात, काढून घेतात, स्क्रू ड्रायव्हर या हातातून त्या हातात. पण भाऊजी, दाराकडे गेले नाहीत. ओरडले नाहीत. हातात ताट दिलं तर जेवले.

रविवारी तुमचा पुतण्या आला आणि उघडा सेट बघून त्याचं डोकं फिरलं. म्हणाला, "आई, बंद केल्यावरही याच्या ट्यूबमध्ये करंट राहतो. हे मला बाबांनीच शिकवलंय. एक दिवस चिकटतील." पुढच्या आठवड्यात भंगारवाला बोलावतो म्हणाला. त्याचं चूक नाही. पण सेट गेला की हे पुन्हा दाराशी, आणि मग संस्थेत ठेवायचं, हेही तो हळूच बोलून गेला. तेव्हा माझं गणित सरळ आहे. तो सेट घरात राहिला तर हे घरात राहतील.

तुम्ही यांच्या हाताखाली उमेदीची सगळी वर्षं काढलीत. तो सेट उघडा राहील आणि चावणार नाही, असं काही करता येतं का ते कळवा.

तुमची वहिनी

९ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचून दिवसभर घरात कुणाशी बोललो नाही. तसंही मला कुणाचं ऐकू येत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आधी बिघाड सांगतो. चित्राला वरखाली ताणून धरणारा एक भाग असतो. तो मेला की चित्र मिटतं आणि रेघ उरते. बहुतेक वेळा भाग चांगला असतो, त्याच्या बोर्डावरचा सांधा उकललेला असतो. दादाला हा बिघाड म्हणजे चहा निवायच्या आतलं काम. पण तो दुरुस्त करून घेऊ नका. दुरुस्त झालेला सेट म्हणजे नुसता टीव्ही. दादा झाकण लावेल आणि दाराशी जाईल.

करायचं ते असं. पिन काढून ठेवा. एखादा जाणता इलेक्ट्रिशियन बोलवा आणि तुमच्या देखत ट्यूबमधला करंट जमिनीत उतरवून घ्या. मग वायर जिथे सेटमध्ये शिरते तिथे बोटाच्या पेरापेक्षा लहान काचेची नळी दिसेल. तो फ्यूज. तो काढा आणि दादाला सापडणार नाही अशा जागी ठेवा. फ्यूज नसला की सेटमध्ये वीज जायचीच नाही, आणि वीज गेली नाही की करंट साठायचा नाही. पुतण्याला सांगा, काका म्हणाला की आता त्या सेटपेक्षा तुमचं स्टूल जास्त धोक्याचं आहे, त्यावरून निदान पडता तरी येतं.

गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, नाहीतर पत्र न लिहिता स्वतः आलो असतो.

दादा मला विसरलाय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मीही विचारत नाही.

तुमचा बहिरा दीर

२० फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या तोंडात साखर पडो. फ्यूजही साखरेच्या डब्यातच आहे.

पुतण्याला बोलावून सगळं दाखवलं. त्यानं स्वतः पिन लावून, खटका दाबून बघितला, सेट ढिम्म. नाक मुरडलं, पण भंगारवाल्याचं पुढे ढकललं.

आणि ऐका. परवा यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "सोल्डरिंग." मी पेटीतून ती लोखंडी कांडी काढून दिली आणि जवळ बसून राहिले. सकाळी शर्टाची बटणं मी लावते, कारण बटण आणि काज यांची गाठ पडत नाही. आणि दुपारी त्याच हाताने केसाएवढ्या सांध्यावर वितळलेल्या कथलाचा थेंब ठेवत होते. करंट लागू नये म्हणून एक हात पाठीमागे, तुमच्या दुकानातल्या शिस्तीप्रमाणे. हात कापला नाही. मी बघतच बसले. माझ्याशी बोलत नाहीत, पण म्हणून काय झालं. घरात शांतता आहे. मी दुपारची जरा डोळा मिटायला लागले आहे.

वहिनी

१ मार्च

भाऊजी,

यांचा उजवा हात भाजला आहे. दोन बोटं जास्त, तळवा कमी. जीव वाचला.

मी दुपारची झोपले होते. यांनी कुठल्याशा वायरमधली तांब्याची तार सोलली, दोन पदर पिळले आणि फ्यूजच्या जागी बसवायला गेले. पिन यांनी आधीच लावून ठेवली होती, ती काढायचं विसरले. माझी झोप मोडली ती धाडकन झालेल्या आवाजाने. हे स्टुलासकट मागे पडले होते आणि खोलीत जळका वास.

आणि भाऊजी, टीव्ही चालू होता. तार बसली होती. चित्र पडदाभर होतं, कुणीतरी बाई बातम्या देत होती. रेघ कुठे नव्हती. यांनी सांधा बरोबर शोधला होता. मी पिन उपटली आणि तिथेच खाली बसले.

पुतण्यानं फोन फिरवला. भंगारवाला पुढच्या रविवारी येतोय. संस्थेचे कागदही पुतण्या घेऊन आलाय. तुमच्यावर राग नाही माझा, मीच झोपले.

वहिनी

५ मार्च

वहिनी,

तुम्ही झोपलात म्हणून नाही झालं. मी विसरलो म्हणून झालं. विसरायचा आजार दादाला आहे आणि विसरलो मी.

फ्यूज नसला तर मेकॅनिक काय करतो? तार गुंडाळतो. दुसरा फ्यूज मिळेपर्यंत सेट तपासायचा कसा? आम्ही आयुष्यभर हेच केलं. गिऱ्हाइकाला कधी तसा सेट दिला नाही, पण टेबलावर तारच. फ्यूज काढून ठेवा असं तुम्हाला लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक आजारी माणूस होता. मेकॅनिक नव्हता. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, हे मला कळायला हवं होतं.

भंगारवाल्याला थांबवा. कागदांवर सही करू नका. काठी टेकत का होईना, मी येतोय. शनिवारी संध्याकाळी पोचतो.

२४ मार्च

भाऊजी,

तुम्ही सुखरूप पोचलात हे लेकीच्या निरोपावरून कळलं. गुडघा सुजला असेल, शेकत जा.

तुम्ही करून गेलात ते सगळं ठीक चाललंय. फ्यूज परत जागेवर, आणि त्या खोलीच्या विजेचं बटण आता खोलीबाहेर, माझ्या हातात. झाकण उघडं असेल तर बटण बंद, झाकण बसल्याशिवाय चालू करायचं नाही. ट्यूबमधला करंट आपोआप उतरावा म्हणून तुम्ही आत जे काही लावलंत, ते पुतण्यानं दोनदा तपासून घेतलं. तुमच्या शब्दाखातर त्यानं कागद गाडीत ठेवले आहेत. थोडे दिवस बघू म्हणाला. यांच्या बोटांच्या जखमा सुकत आल्या.

तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण मनात ठेवलं तर कुजेल, म्हणून लिहिते.

तुम्ही आलात त्या रात्री यांनी तुम्हाला ओळखलं नाही. "दुकानात आणखी माणूस नको," म्हणाले. तुमचं तोंड मी बघितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी औषधं घेऊन परत आले, तर दाराबाहेर हसणं ऐकू आलं. यांचं हसणं. आत बघते तर तुम्ही दोघं सेटपाशी. हे तुम्हाला हातवारे करून काहीतरी समजावत होते आणि तुम्ही मान डोलावत होतात, ऐकू येत असल्यासारखे. मला बघितलं आणि यांचा चेहरा बंद झाला. "बाई, चहा आणा," म्हणाले. कामाला ठेवलेल्या बाईला सांगावं तसं.

भाऊ आठवला, बायको नाही. आठवला याचा मला आनंद व्हायला हवा. थोडा झालाही. पण खरं सांगते, मी चहा केला आणि ओट्यापाशी रडले. यांचं डायपर मी बदलते. रात्री चार वेळा उठते. मी काय केलं नाही, भाऊजी?

वहिनी

३० मार्च

वहिनी,

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आणि तिचा भलताच अर्थ तुमच्या गळ्यात पडला. आता सांगतो.

दादानं मला ओळखलं नाही. त्या रात्रीही नाही आणि त्या दुपारीही नाही.

तुम्ही औषधांना गेलात तेव्हा मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "दादा, मी आहे," म्हटलं. त्यानं मला ढकललं. "माझ्या हत्यारांना हात लावू नका," म्हणाला. मी दुखऱ्या गुडघ्यासकट बाहेर पॅसेजमध्ये गेलो, भिंतीला टेकलो. काय डोक्यात आलं कुणास ठाऊक. चपला घातल्या, पुन्हा आत आलो आणि दारातूनच म्हटलं, "काय हो मेकॅनिक, आहात का? आमच्या सेटचा आवाज येतो, चित्र येत नाही."

वहिनी, तो माणूस बदलला. उठून उभा राहिला. "या, बसा," म्हणाला. स्टूल पुसून दिलं. कधीपासून आहे, आधी चित्र आखडत होतं की एकदम गेलं, सगळं विचारलं. मला अर्धं कळलं, ओठांवरून. मग बिघाड कसा शोधतात ते समजावून सांगायला लागला. मला! मी सांगितलं की तुम्ही हुशार आहात, तेव्हा हसला. तेच तुम्ही ऐकलंत.

दादा गिऱ्हाइकाशी कधी वाकडं बोलला नाही. दुकानात वाद घालायला येणारेही चहा पिऊन जायचे. घरचं माणूस म्हणून कुणी समोर आलं की त्याला आठवावं लागतं, आणि आठवत नाही म्हणून तो घाबरतो, आणि घाबरतो म्हणून ओरडतो. गिऱ्हाईक अनोळखीच असतं. त्याला ओळखायचं ओझं नाही.

तेव्हा तुम्हीही बाहेरून या. बेल वाजवा. सेट बिघडलाय म्हणून सांगा.

६ एप्रिल

भाऊजी,

नाही.

या घराची भिंत न् भिंत मी पुसली आहे. मी इथे बेल वाजवून उभी राहू? माझ्याच नवऱ्याला "काय हो मेकॅनिक" म्हणू? ओरडू देत मला. ओरडतात तेव्हा निदान मी कोणीतरी आहे अशी शंका असते त्यांच्या मनात. गिऱ्हाईक झाले की तीही जाईल. तुम्हाला जमलं, तुम्ही रात्रीच्या गाडीने गेलात. मला इथे राहायचं आहे.

राग मानू नका.

वहिनी

१३ एप्रिल

वहिनी,

राग नाही. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, शेजारच्या माणसाला माझं रडणं दिसू नये म्हणून. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने रडलो ते देव जाणे. लहानपणी त्यानं मला पाठीवर घेऊन शाळेत नेलंय, आणि मी त्याला "काय हो मेकॅनिक" म्हणालो. सोपं नव्हतं.

पुन्हा सुचवणार नाही. फक्त माहितीसाठी लिहून ठेवतो. सेटच्या मागे, झाकणाच्या बाहेर, खालच्या अंगाला एक काळं बटण आहे. ते जरा फिरवलं की चित्र वर वर पळायला लागतं. उलटं फिरवलं की थांबतं. काही बिघडत नाही, झाकण काढावं लागत नाही, कुठे करंट नाही. लहान मूलसुद्धा करील.

१८ मे

भाऊजी,

मधे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. सेट दुरुस्त झालाय हे यांच्या हातांना कळलं असावं. झाकण काढणं बंद झालं. पुन्हा दार, पुन्हा आरडाओरडा. गेल्या सोमवारी यांनी मला ढकललं आणि माझं डोकं कपाटावर आपटलं. पुतण्याने टेंगूळ बघितलं आणि गाडीतून कागद काढून टेबलावर ठेवले. शुक्रवारी घेऊन जाऊ म्हणाला. मी मान हलवली. माझं बळ संपलं होतं, भाऊजी.

बुधवारी दुपारी यांचं दार हलवणं चालू होतं. मी खोलीत गेले, सेट लावला, ते काळं बटण फिरवलं. चित्र पळायला लागलं. मग कुलूप काढलं. यांच्या अंगाला चाटून बाहेर पडले, दार ओढून घेतलं आणि पॅसेजमध्ये उभी राहिले. हातात पर्स, पायात बाहेरच्या चपला. बेल वाजवायला किती वेळ लागला ते विचारू नका. समोरच्या बाई दार किलकिलं करून बघत होत्या. बघू दे म्हटलं.

यांनी दार उघडलं. मी म्हणाले, "मेकॅनिक आहेत का? आमच्या टीव्हीचं चित्र पळतंय."

"मीच," म्हणाले. "या ना. उन्हातून आलात, पाणी देऊ?"

भाऊजी, मला पाणी विचारलं.

आत नेलं, स्टूल दिलं. पडद्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "घाबरू नका, मोठं काही नाही." मागे गेले. मग मान बाहेर काढून जरा संकोचाने म्हणाले, "बाई, एक विनंती करू? मागून मला पडदा दिसत नाही. समोर आरसा धरावा लागतो. आमची मंडळी धरते नेहमी, आज ती आलेली नाही."

तुम्हाला ठाऊक नसेल, तुम्ही दुकानात यायच्याही आधी, लग्न नवं होतं तेव्हा, डबा घेऊन गेले की हे मला समोर आरसा धरून उभं करायचे. मी भिंतीवरचा आरसा काढला आणि पडद्यासमोर धरला. "जरा वर. आता तिरका. हं." चित्र थांबलं. यांनी आरशात बघितलं, मग माझ्या हातांकडे. "बरं धरता तुम्ही. तिचाही हात असाच हलत नाही. तोंड मात्र एकसारखं चालू असतं तिचं."

मी म्हणाले, "अशा बायका असतात."

"नाही हो," म्हणाले, "ती बोलत असली की मला काम सुचतं."

मग सेट चालू ठेवून जरा वेळ बघायचं म्हणून शेजारी बसले. कार्यक्रम कसला होता कोण जाणे. खिडकीतलं ऊन उतरायला लागलं तसे उठले, स्क्रू ड्रायव्हर पुसून पेटीत ठेवला. "आता बंद करतो. घरी वाट बघत असेल."

मी म्हटलं, "बघू दे की. बायकांना सवय असते वाट बघायची."

"सवय आहे म्हणून बघायला लावू नये," म्हणाले.

आणि चपला घालून दाराशी उभे राहिले. आता काय करायचं मला कळेना. मग म्हटलं, "मीही त्याच बाजूला जातेय, बरोबर जाऊ." जिना उतरलो. शिंप्याच्या दुकानावरून, औषधवाल्यावरून, सगळी गल्ली वळसा घालून आलो. हे माझ्या बाजूने नाही, एक पाऊल पुढे चालत होते, परक्या बाईबरोबर चालावं तसे. पुन्हा जिना चढलो. मी कुलूप उघडलं, पटकन आत शिरले, पर्स ठेवली, वळले आणि म्हटलं, "आलात?"

यांनी चपला काढल्या. माझ्याकडे बघितलं. भाऊजी, माझ्याकडे. "उशीर झाला गं," म्हणाले. "एका बाईंचा सेट होता. चित्र थांबेना."

"मग थांबलं का?"

"थांबलं. त्यांनी आरसा धरला. तू का नाही आलीस?"

मी म्हटलं, "आज जमलं नाही. उद्या येते."

जेवताना दोनदा मला नावाने हाक मारली. झोपताना पुन्हा विचारायला लागले, तुम्ही कोण. विचारू देत. शुक्रवारी पुतण्या आला तेव्हा मी पॅसेजमध्ये चपला घालून उभी होते. त्याला म्हटलं, थांब, माझ्या मागून गिऱ्हाईक म्हणून ये. तो आला. यांनी त्याला स्टूल पुसून दिलं. पोरगं खाली मान घालून बसलं होतं, आणि जाताना टेबलावरचे कागद उचलून घेऊन गेलं.

त्या काळ्या बटणाशेजारी आणखी दोन बटणं आहेत, एक पांढरं आणि एक तुटकं. ती फिरवली तर काय होतं, ते उलट टपाली कळवा. रोज तीच तक्रार घेऊन गेले तर त्यांना संशय येईल.

वहिनी